प्रेसमधले कागद

पहाटे चार चाळीसला प्रभाचा दिवस सुरू व्हायचा. गजर चार पंचेचाळीसचा असायचा, पण तो वाजायच्या आत ती उठून बंद करायची. नवरा आणि मुलगी झोपलेले असत, त्यांना कशाला जागं करायचं? डबा आदल्या दिवशीच भरलेला. चहा उभ्यानं. काचेवरचा बर्फ खरवडून गाडी काढायची आणि पावणेसहाला आयर्लंडमधल्या स्लायगो गावाबाहेरच्या लाँड्रीत हजेरीचं कार्ड टेकवायचं. पाळी सहा ते दोन.

लाँड्रीत आसपासच्या हॉस्पिटलांच्या आणि वृद्धाश्रमांच्या चादरी येत. प्रभाची जागा इस्त्रीच्या मोठ्या रुळांच्या तोंडाशी. ओली चादर दोघींनी दोन कोपऱ्यांना धरायची, ताणायची आणि एकदमच रुळांत सोडायची. काम सोपं दिसतं. एकीचा हात जरा मागे राहिला तरी चादर तिरपी जाते, घडी बिघडते आणि ती परत फिरवावी लागते. प्रभाच्या हातून आठवड्यात एखादी तिरपी जायची. तेवढी एखादीही तिला घरी जाताना आठवत राहायची.

समोरचा कोपरा नोरीनचा. साठीची बाई, वीस वर्षं त्याच रुळांपुढे उभी. तिला व्यसन एकच, गुन्ह्यांच्या कादंबऱ्यांचं. त्याही सुट्या नाहीत. एकाच डिटेक्टिव्हच्या ओळीनं पंधरा. यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून ती प्रभाला कालचं प्रकरण सांगायची. प्रभाला ते परकं वाटत नसे. लहानपणी नागपुरात महाल भागातल्या एका दुकानात पुस्तकं भाड्यानं मिळत. तिथून दर पंधरवड्याला ती रहस्यकथा आणायची आणि भूमितीच्या वहीआड धरून वाचायची. पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असे. तरी ती शेवटपर्यंत वाचायची. त्या माणसानं मुद्दाम खोटं नाव लिहिलं असलं तर?

२०२१चा जानेवारी आला, कोरोनाच्या टाळेबंदीचा. शाळा बंद. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला मनाई. नवरा मोहन वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनियर. त्याचं निम्मं काम घरून चाले. बारा वर्षांची रेवा स्वयंपाकघरातल्या टेबलावर शाळा करी. आईचं मराठी तिला सगळं कळे. उत्तर मात्र इंग्रजीत, आणि तेही अस्सल स्लायगोच्या सुरात.

देशभरच्या मराठी घरांचं एक मंडळ होतं. कुणी डब्लिनचं, कुणी ॲथलोनचं, कुणी कॉर्कचं. मुलांसाठी मंडळानं फोनवर एक ग्रुप काढला होता. दर रविवारी एका घरानं त्यावर काहीतरी मराठी पाठवायचं. श्लोक आले, किल्ल्यांची माहिती आली, बोधकथा आल्या. मुलं त्या उघडत नसत. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी प्रभाचा नंबर लागला. तिनं एक प्रेत पाठवलं.

कथा आठ मिनिटांची, तिच्याच आवाजात. डेव्हलिन नावाचा म्हातारा, जन्मभर छपाईचं काम केलेला, स्लायगोच्या नदीत मेलेला सापडतो. सगळे म्हणतात, पाय घसरला. एकटी शोभनाआत्या म्हणते, नाही. शोभनाआत्या म्हणजे नागपूरच्या पोस्टात तीस वर्षं पत्रं निवडलेली बाई, आता स्लायगोत भाच्याकडे राहणारी. पत्ता बघून ती माणूस ओळखते.

त्याच संध्याकाळी मंडळाच्या चिटणिसाचा फोन आला. हा राजीव, पुण्याचा सॉफ्टवेअर इंजिनियर, राहायला डब्लिनच्या ब्युमॉन्टला.

"प्रभाताई, कथा छान आहे हो. पण मुलांसाठी... प्रेत?"

"झाकलेलं आहे."

"तो मुद्दा नाही. आपल्या संस्कृतीची ओळख व्हावी म्हणून हा ग्रुप. त्यात खून?"

"राजीवदादा, नागपुरात काय खून होत नाहीत काय?"

त्यावर तो हसला, म्हणून त्या दिवशी विषय तिथंच राहिला. पण मुलांना वाटलं की दर रविवारी पुढचा भाग येणार, आणि प्रभाच्या तोंडून "हो" निघून गेलं. एकदा हो म्हटल्यावर ते निभवायचं, एवढंच तिला ठाऊक होतं.

भाग ध्वनिमुद्रित करायला घरात शांतता नव्हती. दोनला पाळी सुटली की लाँड्रीच्या आवारात गाडीच्या काचा वर करून ती वही उघडायची. मधला तुकडा कापायचा कसा ते तिला येत नव्हतं. एक शब्द अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. टपावर पाऊस वाजला की पुन्हा पहिल्यापासून. आठ मिनिटांच्या भागाला सहा-सात फेऱ्या पडत. आठ तास चादरी ओढून झाल्यावर.

नोरीननं विचारलं, "तुझी डिटेक्टिव्ह दूध कुठून आणते?"

"दूध कशाला?"

"आपलं दूध कुठं मिळतं हे ज्याला माहीत नाही, त्या डिटेक्टिव्हवर मी विश्वास ठेवत नाही."

पुढच्या भागापासून शोभनाआत्या पुलाजवळच्या दुकानातून दूध आणू लागली. स्लायगोची मुलं खूश झाली. ते दुकान त्यांना माहीत होतं.

प्रभानं नियम एकच घातला. खुनी कोण याचा अंदाज कुणीही कळवावा, पण मराठीत. इंग्रजीतला अंदाज ती ऐकूनही घेणार नव्हती. पहिल्या रविवारी सहा मुलांनी कथा ऐकली होती. महिन्याभरात एकेचाळीस झाली. त्यातला एक राजीवचाच नऊ वर्षांचा अद्वय. रेवा ऐकत नसे. "इट्स सो एम्बॅरसिंग, आई," एवढंच तिचं मत.

चौथ्या भागात प्रभानं धागा टाकला. मरायच्या आधी म्हातारा डेव्हलिन शेजारणीच्या फोनवर निरोप ठेवतो : कागद प्रेसमध्ये आहेत. मृत्युपत्राचे कागद. तो निरोप ऐकताना खोलीत तिघं असतात : नुकतीच पोलंडहून आलेली शेजारीण, शोभनाआत्या आणि म्हाताऱ्याचा पुतण्या. पुतण्या म्हणतो, मी ऑस्ट्रेलियात जन्मलो, वाढलो, आयर्लंडला पहिल्यांदाच आलो.

मुलांचे धडाधड निरोप आले. "आत्याने प्रेसमध्ये बघायला पाहिजे!"

प्रभानं कौतुकानं उत्तर दिलं, "शाब्बास. आत्या प्रेसमध्येच चालली आहे."

आणि आत्या शेजारणीला घेऊन गेली, गावाबाहेरच्या बंद छापखान्यात. पाचवा भाग छापखान्यात. सहावा भागही तिथंच, तळघरात, छपाईच्या खिळ्यांच्या खणांत. पुढचे सहा भाग वहीत लिहून तयार होते आणि त्यांतले चार छापखान्यातच घडत होते. मुलं दर आठवड्याला सांगत, प्रेसमध्ये बघ. प्रभा दर आठवड्याला म्हणे, बघतेय ना. शेवटी सहाव्या भागानंतर अद्वयचा वैतागलेला आवाज आला : "प्रभामावशी, आत्या वेडी आहे का? प्रेस किचनमध्ये असते!"

प्रभानं तो निरोप दोनदा ऐकला. छापखाना स्वयंपाकघरात? तिनं रेवाला विचारलं, "काहून गं, काय म्हणतो हा मुलगा?"

रेवानं गृहपाठावरून मान वर केली. "आई, प्रेस. लाइक, दॅट." आणि पेन्सिलीनं तिनं भांड्यांचं कपाट दाखवलं.

प्रभानं कपाटाकडे वळून पाहिलं. इथं कपाटाला प्रेस म्हणतात हे तिला माहीत नव्हतं थोडंच! नऊ वर्षं ती ऐकत होती. नोरीन दिवसातून दहा वेळा म्हणे, अमुक प्रेसमधून आण. स्वतः प्रभा इंग्रजी बोलताना कपाटाला प्रेसच म्हणायची. पण मराठीत लिहायला बसली की तिचं डोकं नागपूरला जाऊन बसे, आणि नागपुरात प्रेस म्हणजे छापखाना. डेव्हलिन स्लायगोचा. साठ-सत्तर वर्षं त्यानं कपाटाला प्रेसच म्हटलं असणार. प्रभानं त्याला जन्म दिला, घर दिलं, टोपी दिली आणि मरताना त्याच्या तोंडी नागपूरचा शब्द घातला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय? एकेचाळीस मुलांना उत्तर चौथ्या भागापासूनच ठाऊक होतं, आणि तिची हुशार आत्या तळघरात धूळ खात फिरत होती.

मोहन म्हणाला, "छापखान्यातच सापडू दे की कागद. मुलं आहेत, चालतं."

"नाही चालत," प्रभा म्हणाली. "तिरपी गेलेली चादर तशीच घडी करून पाठवायची?"

लिहिलेले सहाही भाग तिनं वहीतून फाडले. त्या रविवारी पहिल्यांदाच कथा आली नाही. आठवडाभर चादरी ओढताना तिच्या डोक्यात ती एकच गाठ होती. तिसऱ्या दिवशी रूळ चालू असतानाच ती थांबली. नोरीनच्या बाजूनं चादर पुढे गेली आणि तिरपी झाली.

"काय झालं?"

"नोरीन, ऑस्ट्रेलियात कपाटाला प्रेस म्हणतात?"

"छे. ते फक्त आपण."

गाठ सुटली. आत्या चुकली होती ना? चुकूच दे. नागपूरची बाई प्रेस ऐकून छापखान्यातच जाणार. मग शेजारची दहा वर्षांची मुलगी तिला सांगेल की प्रेस कशाला म्हणतात. आत्या धावत डेव्हलिनच्या घरी येईल, स्वयंपाकघरातलं कपाट उघडेल आणि कपाट रिकामं असेल. म्हणजे कागद नेले ते हा शब्द ऐकताक्षणी ज्याला बरोबर कळला त्यानं. शेजारीण तर सगळा वेळ आत्याबरोबर छापखान्यात. उरला कोण? ज्यानं या देशात पूर्वी पाऊलही ठेवलं नव्हतं म्हणे, तो पुतण्या. तो ऑस्ट्रेलियाचा नाहीच. इथल्याच मातीत वाढलेला तोतया. चुकीचा शब्द होता तोच पुरावा झाला.

ती घरी लिहायला बसली तेव्हा रेवा मागे येऊन उभी राहिली. रेवाला देवनागरी अडखळत वाचता येई. बराच वेळ वाचून ती म्हणाली, "दॅट्स... अ‍ॅक्चुअली गुड." मग म्हणाली, "पण तुझा डेव्हलिन नागपूरसारखा बोलतो. आय'ल डू हिम."

त्या आठवड्यात गाडीत दोघी बसल्या. म्हाताऱ्याचा निरोप पुन्हा ऐकवायचा होता. रेवानं आवाज खोल केला आणि अस्सल स्लायगोच्या हेलात मराठी वाक्य म्हटलं : "कागद प्रेसमध्ये आहेत, कळलं का." आधीच्या पाच फेऱ्या तिनंच नाकारल्या होत्या. मुलीला तिरपी चादर दिसते, एवढं प्रभाला कळलं होतं.

सातवा भाग गेला. आठवा गेला, आत्यानं कपाट उघडलं, आत धुळीत कागदांच्या गठ्ठ्याचा चौकोनी ठसा तेवढा होता. आणि पुढच्या रविवारच्या आदल्या दिवशी मंडळाचा निरोप आला. कार्यकारिणीनं पाचास दोन मतांनी ठरवलं होतं की बालविभागात फक्त सांस्कृतिक साहित्य जाईल. गुन्हेगारी कथा यापुढे नको. ग्रुपवर पाठवायचा अधिकार चिटणिसाकडे.

मुलांनी घरोघरी थैमान घातलं. ॲथलोनच्या एका बाईनं प्रभाला सुचवलं, "वेगळा ग्रुप काढा हो, आम्ही येतो." प्रभानं नाही म्हटलं. दोन मराठी माणसं आणि तीन मंडळं, ही थट्टा तिनं आयुष्यभर ऐकली होती. शिवाय ती पहिल्यांदा आयर्लंडला आली तेव्हा याच मंडळातल्या अनोळखी घरांनी तिला दोन आठवडे पोळी-भाजी पुरवली होती. त्यात फूट पाडून तिला गोष्ट पुरी करायची नव्हती.

पण गोष्ट अर्धी ठेवणंही तिला जमणारं नव्हतं. उरलेले चार भाग तिनं लिहिले, सहा-सात फेऱ्यांत म्हटले, फोनमध्ये ठेवले. काम पुरं झालं. ऐकायला कुणी नव्हतं. आत्यानं कपाट उघडून ठेवलं होतं आणि एकेचाळीस मुलं त्याच्यासमोर उभी होती. त्यांच्यापर्यंत शेवट जाणार की नाही, हे प्रभाच्या हातात राहिलं नव्हतं.

मग जे झालं ते पुण्यात झालं.

राजीवची आई, सुलेखाताई, तिथं एकट्या राहत. पूर्वी अद्वय आजीला फोनवर "हाय आजी, आय'म ग्रँड" म्हणजे मी मजेत, एवढंच म्हणे आणि फोन बापाच्या हातात देई. कथा सुरू झाल्यापासून ते बदललं होतं. अंदाज मराठीत कळवायचा, तर शब्द हवेत, शब्द आजीकडे. आजी, मोटिव्हला काय म्हणतात? हेतू. आजी, अ‍ॅलिबायला? आजीला ते ठाऊक नव्हतं.

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे, खून झाला तेव्हा मी दुसरीकडे होतो, असं सांगायचं."

"असं होय! म्हणजे 'मी नव्हतो बाई तिथे'."

अद्वयनं तो शब्द म्हणून जसाच्या तसा ग्रुपवर कळवला : पुतण्याचा मी-नव्हतो-बाई-तिथे खोटा आहे. मुलांत तो शब्द रूढ झाला. आणि शब्द विचारता विचारता सगळं प्रकरण आजीला सांगून झालं, अगदी रिकाम्या कपाटापर्यंत.

एप्रिलात पुण्याला साथ फिरून आली. सुलेखाताई बारा दिवस हॉस्पिटलात होत्या. राजीवला विमान नव्हतं, काही नव्हतं. तो फोन हातात धरून बसे. घरी परतल्यावर त्यांचा पहिला फोन आला तो नातवाला.

"काय रे, कळलं का कपाट कुणी रिकामं केलं?"

"नाही आजी. बाबानं स्टोरी बंद केली."

फोन बाबाकडे गेला. सुलेखाताईंचा आवाज अजून बारीक होता, पण धार होती. "राजू, नऊ वर्षांत पोरगा माझ्याशी नऊ वाक्यं धड बोलला नव्हता. आता अर्धा अर्धा तास बोलतो. खुनाबद्दल बोलतो, तर बोलू दे की. श्लोक म्हणून दाखवल्यावर त्यानं मला कधी प्रश्न विचारला होता का?"

राजीवनं चार दिवस लावले. मग स्लायगोला फोन केला.

"प्रभाताई, ते... कपाट कुणी रिकामं केलं?"

"कोण विचारतंय? चिटणीस का?"

"आईचा मुलगा."

"मग आईंना सांगा, औषधं वेळेवर घ्या. शेवट सगळ्यांना एकदम कळेल."

"आपण ग्रुप परत खुला करू. कार्यकारिणीत मी बोलतो. माझी घाई झाली होती असं समजा."

प्रभानं विचार करून ठेवला होता. "ग्रुपवर नको. फोनवर पाठवलं तर जो आधी ऐकेल तो दुसऱ्याला नाव सांगून मोकळा होईल. इतके आठवडे थांबलीत पोरं. मला समोर बसवून सांगायचंय."

"हॉल लागेल. आणि खुनासाठी हॉलला कार्यकारिणी पैसे मंजूर करेल असं मला वाटत नाही, खरं सांगतो."

"मागितले का मी? हॉल मी बघते. तुम्ही फक्त पोरं आणा."

उन्हाळा गेला. प्रभानं शनिवारच्या जादा पाळ्या घेतल्या. मोहन म्हणाला, मी देतो की. ती म्हणाली, कथा माझी आहे. ऑक्टोबरअखेर निर्बंध सैल झाले, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी ॲथलोनमधला एक छोटा हॉल मिळाला. डब्लिन, कॉर्क, स्लायगो, सगळ्यांना त्यातल्या त्यात मधला.

दिवाळी चार दिवसांवर, आणि तो दिवस हॅलोवीनचा. मुलं वेशांतर करूनच आली. चार हडळी, तीन सांगाडे, एक मावळा. मावळ्यानं तलवार दारात ठेवावी असा निर्णय राजीवनं दिला. पहिल्या रांगेत एका खुर्चीवर फोन टेकवला होता. पुण्यातून सुलेखाताई शाल पांघरून बघत होत्या. नोरीनही स्लायगोहून प्रभाच्या गाडीत बसून आली होती. तिला एक शब्द कळणार नव्हता, पण रविवारी तिला दुसरं काम नव्हतं.

उरलेले चार भाग प्रभानं एकत्र केले होते. वही उघडली नाही. तीस-बत्तीस आठवडे डोक्यात घोळलेलं, वही कशाला लागते? डेव्हलिनचा निरोप आला तेव्हा बाजूला उभी असलेली रेवा म्हाताऱ्याच्या आवाजात तो बोलली, आणि मागच्या रांगेतले आईबाप दचकले. मग आत्यानं पुतण्यासमोर उभं राहून विचारलं, "प्रेस म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

एका सांगाड्यानं मुखवटा वर केला.

"कुणीच नाही," पुतण्या म्हणाला.

"तेच तर," आत्या म्हणाली.

अद्वय खुर्चीवर उभा राहिला आणि ओरडला, "तो इथलाच आहे! मी सांगितलं होतं!" खुर्चीवरच्या फोनमधून सुलेखाताईंच्या टाळ्या ऐकू आल्या.

नोरीननं प्रभाच्या बाहीला हात लावला. "पुतण्याच ना?"

"तुला कसं कळलं?"

"तू पुतण्याच्या आवाजात बोललीस आणि सगळ्या पोरांनी एकदम श्वास घेतला. ग्रँड झालं."

राजीव नंतर येऊन म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी खुनाऐवजी चोरी जमेल का? कार्यकारिणीला सांगायला बरं."

"बघू," प्रभा म्हणाली. "चोरी करताना कुणी मेलं तर मी जबाबदार नाही."

कथा सव्वीस मिनिटांत संपली. हॉल दोन तासांचा होता. उरलेला वेळ हडळी, सांगाडे आणि मावळा भांडत होते, खुनी आधी कुणी ओळखला यावरून. नियम आठवला की मराठीत भांडत, राग वाढला की इंग्रजीत, आणि एकमेकांना मी-नव्हतो-बाई-तिथे म्हणून चिडवत. कुणाचे आईबाप मध्ये पडले नाहीत. प्रभा भिंतीला टेकून ऐकत राहिली. पहाटे चार चाळीसला उठून, ओल्या चादरी ओढून मिळवलेल्या पैशांनी तिनं हे विकत घेतलं होतं : एक हॉल, चाळीस खुर्च्या आणि दीड तासाचं भांडण.